उजेड ओळखणारा कॅमेरा

रामलिंगअप्पाचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकतो. शिरूर अनंतपाळच्या बाजाररस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ माझ्या स्टुडिओच्या बरोबर समोर. चाळीस वर्षं सकाळी शटर वर केलं की आधी त्याचं तोंड दिसायचं. आणि तोंडाखाली, गळ्यात, तो जपानी कॅमेरा, ती यशिका.

खरी आग तिच्यावर होती. त्याच्या मेव्हण्यानं हैदराबादहून आणून दिलेली. आतून बघताना दोन-दोन दिसणारा माणूस एक होईपर्यंत भिंगाचं कडं फिरवायचं, की झालं. उजेड ती स्वतः मोजायची नि शटर किती वेळ उघडायचं तेही तीच ठरवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अप्पाचा कॅमेरा आपसूक उजेड वळखतो." मी बसायचो सावली बघत, डोळे बारीक करून अंदाज बांधत. शाळेचा ग्रुप फोटो असो की जत्रा, काम जायचं समोरच्याच दारात. मी चारचौघांत सांगत सुटायचो, "फोटो यंत्र काढतंय, अप्पा नुसतं बटन दाबतोय." ते त्याच्या कानावर गेलंच असणार. एकदा तो रस्ता ओलांडून आला नि कॅमेरा पुढं केला.

"घ्या किशनराव, चार दिवस वापरून बघा."

मी हात मागं घेतला. हातात घेतला असता तर माझी हाव त्याला दिसली असती.

पुढं मोबाइल आले नि दोघांचेही धंदे बसले. त्याच्या मुलानं, संगमेशनं, डिजिटल कॅमेरा घेतला. मी दुकानात झेरॉक्सचं मशिन टाकलं. अप्पा मात्र मुंबईहून वर्षाला एखादा रोल मागवून तीच यशिका गळ्यात घालून हिंडायचा. मला तेही बघवायचं नाही.

गेल्या माघात अप्पा गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला ओसरीवर बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. त्याची बायको, शरणम्मावहिनी, आतून कॅमेरा घेऊन आल्या नि माझ्यापुढं धरला.

"किशनभाऊ, शेवटचा फोटो ह्याच्यावरच काढा. संगमेशला ह्यातलं काई येत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा ती हातात आली. चांगली जड होती. बटण अर्धं दाबलं तर उजेड दाखवणारे वरचे दिवे लागेनात. सेल संपला असेल म्हणून खालचं झाकण फिरवलं. आत सेलच नव्हता.

"वहिनी, सेल कुठाय?"

"त्यो मिळायचा बंद होऊन तीस वर्सं झाली की. सेल नसला की शटर एकाच वेगानं उघडतंय म्हणायचे. बाकी समदं डोळ्यानं बघून करायचे."

म्हणजे तीस वर्षं उजेड यशिका ओळखत नव्हती. रामलिंग ओळखत होता, सावली बघून, माझ्यासारखाच. आणि मी गावभर सांगत होतो की यंत्र काढतंय. त्यानं एका शब्दानं मला खोटं पाडलं नाही, ह्याचाच मला जास्त राग आला. हार घालून बसवलेल्या माणसापुढं उभा राहून मी जळत होतो. आता कॅमेऱ्यावर नाही, त्याच्यावर.

अंदाज बांधून तीन फोटो काढले. रोल धुवायला मुंबईला गेला, पंधरा दिवसांनी संगमेशनं प्रिंट माझ्या काउंटरवर आणून ठेवले. माझे तिन्ही काळेठिक्कर. विभूतीचे पट्टे तेवढे दिसत होते, खाली कोण बसलंय ते कळत नव्हतं.

त्याआधीचे सगळे अप्पानं काढलेले. त्यात एक मी होतो. दुकानाच्या पायरीवर बसलोय, अर्धं अंग उन्हात, अर्धं सावलीत, आणि तरी एकूण एक सुरकुती जागच्या जागी. बघतोय समोर, त्याच्या दुकानाकडं. माझा डोळा कशावर आहे ते कुणालाही कळावं, अशी नजर.

तो घरी न्यायलाच नको होता. बायकोनं उचलून कपाटात ठेवला. म्हणाली, "तुमच्या माघारी ह्योच लावू. हार घालायला लई चांगला हाय."

दोन दिवस भांडलो तिच्याशी. मग घरातले सगळे अल्बम काढून बसलो, माझा दुसरा एखादा बरा फोटो सापडेल म्हणून. साऱ्या घरादाराचे फोटो मीच काढलेले, माझा कोण काढणार. एकही सापडला नाही.