जोडीने जायचं घर

गाझियाबादला राहायला आल्यापासून मी घाबरतच जगत आलेय. टॅक्सीवाल्याला घाबरते, बेसमेंटच्या पार्किंगला घाबरते, लिफ्टमध्ये एकटा पुरुष चढला की फोन कानाला लावून खोटंखोटं बोलत राहते. लेक झाल्यावर तर विचारूच नका. गार्ड बदलला तरी मी खाली जाऊन त्याचं तोंड बघून यायची. नवरा म्हणायचा, "यार, तू पोलिसात जायला हवं होतंस."

पण ही सगळी भीती हिंदी बोलणाऱ्या जगासाठी. मराठी कानावर पडलं की आमचं डोकं चालायचं बंद. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात कपडे चिवडताना मागून कोणी "अगं, हा रंग बघ" म्हणालं, की लगेच फोन नंबर आणि पुढच्या रविवारी जेवायला. पुण्यात आम्ही शेजाऱ्याला ओळख दाखवत नाही. इथे नुसतं आडनाव कळलं की घराची किल्ली हातात देऊन मोकळे.

आमच्या सोसायटीत मराठी मंडळ आहे. गणपतीत मुलांचं नाटक असतं आणि ते एक काका बसवायचे. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, उभा जन्म दिल्लीत गेलेला, शुद्ध खणखणीत मराठी. काकू बहुतेक मुलीकडे मुंबईला. रविवारी दुपारी काका दोघादोघांना घरी बोलावून संवाद घोटून घ्यायचे. आमच्या पोरांचं मराठी म्हणजे आनंदीआनंद, 'चिंच' म्हटलं तर तोंडाकडे बघतात. त्यामुळे काका म्हणजे आम्हाला देवमाणूस. मुलं तिकडे आणि आम्ही एसी लावून आडवे.

माझी लेक आठ वर्षांची. ती राणी आणि तिची मैत्रीण दासी. मैत्रिणीची आई दर रविवारी आठवणीने फोन करायची, "तुझी निघाली का? मग हिला पाठवते." किती काळजीवाहू बाई, असं मला वाटायचं.

एका रविवारी मैत्रीण आली नाही आणि माझी एकटीच गेली. लवकर परत आली आणि थेट तिच्या खोलीत गेली. संध्याकाळी बघते तर भर उकाड्यात फ्रॉकच्या आत जीन्स घालून बसलेली. "अगं, गरम नाही का होत?" म्हटलं, तर म्हणाली, "मला राणी नको व्हायला."

मग भिंतीकडे तोंड करून तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. काकांनी दार लावून घेतलं होतं, एवढंच सांगते. तुझं काही चुकलं नाही, सांगितलंस ते फार बरं केलंस, असं मी तिला परत परत म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. कमिटीही जमली होती. पोहे आले, चहा आला. मुलगी खोटं बोलते असं कोणी म्हणालं तर काय करायचं, याची मी पूर्ण तयारी करून गेले होते. तसं कोणी म्हणालंच नाही. अध्यक्ष म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं." दुसरे म्हणाले, "एवढ्याशा पोरीचं नाव कशाला चव्हाट्यावर आणायचं? आपण इथे परक्या मुलखात, आपली माणसं किती!" तिसरे म्हणाले, "गणपती होऊ दे, मग बघू. बिल्कुल बघू." शेवटी एका बाईंनी तोडगा काढला, की तालमीला आळीपाळीने एकेक आई बसेल. सगळ्यांना हायसं वाटलं. पोह्यांवर परत लिंबू पिळलं गेलं.

मला तिथेच उमगलं. ह्यांना माझं खरं वाटलं होतं. खोटं वाटलं असतं तर आयांना पहाऱ्याला कशाला बसवलं असतं? खरं वाटूनही येत्या रविवारी मुलं त्याच घरात जाणार होती.

खाली उतरलो तशी कमिटीत बसलेली मैत्रिणीची आई मागून आली. तिचं सगळं लहानपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलेलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "काका तेव्हा आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. नाटक तेव्हाही तेच बसवायचे. आम्हा मुलींना माहीत होतं, त्यांच्याकडे एकटीने जायचं नाही. जोडीने जायचं. आईही तेच सांगायची."

"आईला माहीत होतं?"

"सगळ्यांच्याच आयांना."

अमक्या दुकानातलं पनीर घेऊ नकोस, हे सांगावं तशा आवाजात सांगत होती.

"आणि तरी तू स्वतःची मुलगी पाठवतेस?"

"जोडीने पाठवते ना. तुझी असते ना बरोबर."

बोलून गेली आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. रडायला लागली. "हिला ताप होता गं त्या दिवशी. तुला कळवायचं राहून गेलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी लेक हिच्या लेकीची राखणदार होती, आणि मलाच ते माहीत नव्हतं. पण रागाच्याही वर भीती होती. तेव्हाच्या त्या मुली आता आया झाल्या होत्या. मधल्या सगळ्या वर्षांत ज्यांना जोडी मिळाली नाही त्यांचं काय झालं असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

आम्ही तिथूनच पोलीस ठाण्यात गेलो. नवऱ्याने तक्रार लिहून दिली. साध्या कपड्यातल्या एक बाई अधिकारी घरी आल्या, लेकीशी चांगलं बोलल्या. कारवाई होईल, थोडा वेळ लागेल, म्हणाल्या. मंडळाने मात्र वेळ लावला नाही. आम्हाला ग्रुपमधून काढलं आणि तालीम ठरल्याप्रमाणे होईल असं सगळ्यांना कळवलं.

शनिवारी लेक जेवताना मध्येच थांबली. "आई, मी नाही गेले तर ती कोणाबरोबर जाईल?"

मी मैत्रिणीच्या आईला फोन लावला. म्हटलं, पाया पडते तुझ्या, उद्या पाठवू नकोस. ती म्हणाली, "नाटक तोंडावर आलंय, आता कसं काढू? आणि एक आई बसणार आहे ना. तू घाबरू नकोस, सी टॉवरमध्ये नाशिकचे नवीन आलेत. त्यांची मुलगी जाईल हिच्याबरोबर."

फोन हातात तसाच धरून मी खाली गेले. सी टॉवरच्या गार्डला विचारून मजला काढला आणि बेल दाबली. एका तरुण बाईने दार उघडलं. मागे खोक्यांचा ढीग, सामान अजून लागायचं होतं. "तुम्ही नाशिकचे ना?" एवढंच मी बोलले आणि तिचा चेहरा खुलला. "अय्या, मराठी! या ना, आत या. इथे आल्यापासून कोणी बोलायलाच नाही हो." माझ्या लेकीएवढी एक मुलगी खोक्यामागून डोकावली. बाई तिला म्हणाली, "जा, काकूंना तुझी खोली दाखव. मी चहा टाकते."

मुलीने येऊन माझा हात धरला आणि मला आतल्या खोलीकडे न्यायला लागली. तिच्या आईने अजून माझं नावही विचारलं नव्हतं.

"चहा राहू द्या," मी म्हटलं. "आधी हिला तुमच्याजवळ घ्या."