ढाल किती लांब पोचते?

चष्म्याच्या दुकानात एक डबा असतोच. सुटलेले स्क्रू, नाकावरचे पॅड, कुणाच्या तरी जुन्या फ्रेमची एकच काडी. टाकवत नाही म्हणून ठेवायचं, आणि एक दिवस झाकण लागेनासं होतं. आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से माझ्याकडं असेच साठलेत. परवा शाहिद म्हणाला, "अश्विनी, सांगून टाक एकदा, नाहीतर तुझं बीपी वाढेल." बीपी माझं आधीच वाढलेलं आहे. मला काळजी करायची खोड, आणि मित्र असे मिळालेत की खोड जायचा प्रश्नच नाही!

आधी खेळ काय तो सांगते. साताऱ्यात माझं चष्म्याचं दुकान, वर माळा. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की माळ्यावर आम्ही जमतो. टेबलावर चौकोन आखलेला मोठा कागद आणि फासे. मी गोष्ट सांगायची: किल्ला, जंगल, चेटकीण, राक्षस. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि वार लागला का चुकला ते फाशांनी ठरवायचं. हे खूळ माझ्या धाकट्या भावानं पुण्याहून आणलं. तो गेला कॅनडाला, खूळ माझ्या गळ्यात!

यात योद्धा व्हायचं तर सुरुवातीलाच लढायची स्टाईल निवडावी लागते. धनुष्य, दोन तलवारी, मोठी कुऱ्हाड, रिकामे हात, नाहीतर ढाल. एकदा निवडली की बदलता येत नाही. एवढाच नियम, पण त्यानं आमच्यातल्या एकेकाची झोप उडवलीय.

*

किरण पाचगणीकडचा, स्ट्रॉबेरीवाला. माणूस लाखात एक, पण काही ठरवायचं म्हटलं की हातपाय गार! मिसळ का वडा यावर ह्याचं एकमत होईपर्यंत आमचा चहा निवतो. स्टाईल ठरवायला त्यानं इतके रविवार खाल्ले की शेवटी मी ओरडले, "पुढच्या वेळी ठरवून ये, नाहीतर तुला वेशीवरच वाघ खातो!"

गडी घाबरला. त्याच आठवड्यात आई त्याला गावच्या देवाला घेऊन गेली, कौल लावायला. वाईचं एक स्थळ सांगून आलं होतं, ते करावं का नको, एवढंच विचारायचं होतं. गुरव देवाच्या अंगाला दोन कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. मागं सगळी भावकी रांगेत उभी. गुरव म्हणाला, "बोल लेका, काय इचारायचं?"

आणि किरणच्या तोंडून निघालं, "धनुष्य घिऊ का?"

गुरवाचा हात वरच्या वर राहिला. "कशाला रं?"

"लढायला."

आई मटकन खाली बसली. पण देवापुढं विचारलंय म्हटल्यावर गुरव तरी काय करणार! त्यानं कळ्या लावल्या. डावी पडली. "मंग मोठी कुऱ्हाड?" किरणनं विचारलं, आणि उजवी कळी अशी टपकन पडली की विचारू नका!

रांगेत ह्याच्या बरोब्बर मागं ह्याचा चुलतभाऊ. बांधावरनं दोन्ही घरांचं कैक वर्षांचं वाकडं. दिवेलागणीला तो दारात हजर! "दादा, मोजणी आणू की आपण. मी कुंपण सरकवतो. कुऱ्हाडीपातूर कशाला जायाचं, गड्या?"

बांधाचं मिटलं. स्थळाचं विचारायचं राहूनच गेलं. किरणची आई अजून माझ्याशी बोलत नाही.

*

शाहिद दातांचा डॉक्टर. त्याला स्वतःला कसलाच घोर नसतो, तो दुसऱ्यांना लावतो. त्यानं पहिल्याच दिवशी दोन तलवारी घेतल्या आणि आठवडाभर दवाखान्यात तेच डोक्यात.

एक रिटायर्ड सुभेदार दाढ काढायला आलेले. खुर्चीत आ वासून बसलेत, अर्धा जबडा बधिर. तेवढ्यात हाताखालच्या पोरीनं विचारलं, "सर, तुमच्या त्या खेळात दोन-दोन तलवारी एकदम चालवायच्या कशा?" झालं! ह्यानं उजव्या हातात दाढ काढायची पकड घेतली, डाव्यात दुसरी, आणि खुर्चीपुढं उभं राहून दाखवायला लागला. "सोपंय. आधी उजव्यानं हाणायचं. तो कळवळून वाकला की डाव्यानं!"

सुभेदारांनी गळ्यातला कागद काढला, नीट घडी करून ठेवला आणि उठले. वाकड्या तोंडानं म्हणाले, "डॉक्टर, मी बर्फात राहिलोय, गोळीबार बघितलाय. पण दाढ राहू दे."

ते आता दाढेसाठी कऱ्हाडला जातात.

*

आणि मग आले धनाजी पैलवान. विट्याकडचे, सांगली जिल्ह्यातले. आता साताऱ्यात एका शाळेत खेळाचे शिक्षक. खो-खो शिकवतात, लंगडी शिकवतात, कुस्ती सोडून सगळं शिकवतात.

आले होते वाचायचा चष्मा करायला. आता पैलवानांचे कान कसे असतात ठाऊक आहे ना, घासून घासून सुजून गोळा झालेले. चष्म्याची काडी बसणार कुठं? मी ती गरम करून वाकवतेय, बसवतेय, चष्मा घसरतोय, मला घाम फुटलाय. एवढ्यात माळ्यावरनं शाहिदची आरोळी आली, "मुंडकंच उडवतो त्याचं!" पैलवान दोन-दोन पायऱ्या चढून वर! त्यांना वाटलं खरंच मारामारी लागलीय, सोडवायला पाहिजे. सोडवायला गेले आणि तिथंच बसले.

आम्ही खूश. एवढा देह, एवढे दंड! किरण तर आनंदानं म्हणाला, "आता रिकाम्या हातांचा गडी घावला."

पैलवानांनी कागद वाचला. परत वाचला. मग हळूच विचारलं, "मॅडम, ह्यात लागायचंच न्हाई असं काय हाय का?"

"योद्धा आहे म्हटल्यावर लागणारच की हो!"

"मला न्हवं. शेजारच्याला."

मी सांगितलं, ढाल घेतली तर शेजारच्या चौकोनातल्या माणसावरचा वार आपल्या अंगावर घेता येतो. मात्र अगदी शेजारीच उभं पाहिजे. एक चौकोन. त्याच्यापुढं ढाल पोचत नाही.

"मंग हीच," ते म्हणाले आणि कपाळ पुसलं.

पुढं चहा पिताना कळलं. ऐन उमेदीत त्यांच्या तालमीतला जोडीदार एका मैदानात मानेवर पडला. त्यांच्या डोळ्यांदेखत. जीव वाचला, पण त्याचा उजवा हात परत कधी खांद्याच्या वर गेला नाही. तेव्हापासून पैलवानांनी लंगोट खुंटीला लावला. आणि आता त्यांची सानिका, तेरा वर्षांची लेक, कुस्ती खेळायची म्हणून हटून बसलेली. आईनं तिला परस्पर मुलींच्या तालमीत घातलंही होतं. चैत्रात गावच्या जत्रेला मुलींच्या कुस्त्या असतात, त्यात उतरायचं म्हणत होती.

"मी न्हाई म्हणून सांगितलंय," पैलवान म्हणाले. आणि चहाची बशी तशीच खाली ठेवली. एवढा आडमाप माणूस घाबरलेला बघून मी त्यांच्यापुढं बिस्किटांचा पुडा सरकवला.

*

पैलवानांनी एक शक्कल काढली. लेकीला खेळायला आमच्यात आणायचं. "कागदावर काय मारामारी करायची ती करू दे. खुमखुमी जिरंल."

सानिका आली. दोन वेण्या, बापासारखेच खांदे. पैलवानांनी वाटेतच ठरवलं असणार, कारण बसताबसताच म्हणाले, "हिला धनुष्य द्या मॅडम. लांबनं मारायचं, झाडामागं उभं ऱ्हायाचं."

ती म्हणाली, "रिकामे हात."

"आगं, धनुष्य लय भारी असतंय!"

"मग तुम्ही घ्या की, पप्पा."

तिनं सोंगटी म्हणून बाटलीचं लाल बूच घेतलं आणि कागदावर सगळ्यात पुढं ठेवलं. पैलवानांनी आपली सोंगटी, म्हणजे माझ्याकडची एक फुटकी काच, लगेच बुचाला चिकटवून ठेवली. बूच सरकलं की काच सरकायची.

मग काय सांगू! चोरानं दगड मारला: "ढाल!" लांडगा नुसता गुरगुरला: "ढाल!" मी म्हटलं, "खानावळवाला तिच्यापुढं ताट ठेवतोय," तर हे अर्धे उठून, "ढाल!" शाहिदनं हसून हसून डोळे पुसले. किरण म्हणाला, "आवं पैलवान, आमटी हाय ती!"

त्या दिवशी शेवटी राक्षस होता. वारामागून वार, आणि प्रत्येक वार पैलवानांनी अंगावर घेतला. फुटकी काच आडवी झाली. म्हणजे पैलवान गोष्टीत गतप्राण! सानिकाला ओरखडासुद्धा नाही, आणि एकही डाव टाकायची वेळ तिच्यावर आली नाही.

ती बुचाकडं बघत होती. म्हणाली, "पप्पा, मला एकदा तरी लागू द्या की."

पैलवान "चहा सांगतो" म्हणून खाली गेले ते बराच वेळ आले नाहीत. चहा आमच्या माळ्यावरच होतो.

*

नंतरच्या आठवड्यात मी एका आजोबांचे डोळे तपासतेय. खुर्चीत बसून ते समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतायत. फोन वाजला. पैलवान.

"मॅडम, ढाल किती लांब पोचती?"

"एक चौकोन. सांगितलंय ना!"

"दोन न्हाई व्हत?"

"नाही."

"पुस्तकात बघा की जरा. कुठंतरी बारीक अक्षरात असंल."

"नाही पोचत हो! किती वेळा सांगू, नाही पोचत!"

फोन ठेवला तर खुर्चीवरचे आजोबा पांढरेफटक. "बाई, माझी नजर का?" त्यांना पाणी दिलं, मग तपासलं. नजर उत्तम निघाली, पण ते त्यांना काही केल्या पटेना.

मला तेव्हा वाटलं, पैलवान रविवारचीच काळजी करतायत. संध्याकाळी सानिकाच्या आईचा फोन आला. म्हणाली, "ताई, ह्यांनी हो म्हटलंय. जत्रंला उतरतीय ती. पण एका अटीवर. म्हणत्यात, मी आखाड्याच्या कडंला उभा ऱ्हाणार."

मी दुकान बंद करून देवापुढं दिवा लावला. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, तरी रात्रभर मान दुखत होती.

*

जत्रेला आम्ही तिघं किरणच्या पिकअपमधनं गेलो. स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट मागं, पुढं आम्ही दाटीवाटीनं. मी पर्समध्ये कापूस, क्रेप बँडेज, ग्लुकोज, सगळं भरलं होतं. शाहिद म्हणाला, "मी डॉक्टर आहे ना बरोबर." मी म्हटलं, "तू दातांचा आहेस!"

तांबडी माती, भोवती माणसंच माणसं, हलगी कडाडत होती. कर्ण्यावर नाव पुकारलं. सानिका आली, वेण्या घट्ट वर बांधलेल्या. समोरची पोरगी मिरजेकडची, हिच्यापेक्षा टीचभर उंच. ते बघून किरणनं माझा हात धरला.

पैलवान दोरीच्या आत उभे! कडंला नव्हे, मातीत. लेकीच्या पाठीशी अगदी लागून, दोन्ही हात पुढं, पडली तर झेलायच्या बेतात.

पंच म्हणाले, "पैलवान, बाहेर व्हा."

"बाहेरच हाय की."

"आवं, माती बघा पायाखाली!"

पैलवान हलेनात. लोक ओरडायला लागले. कर्ण्यावरचा माणूस म्हणाला, "पालकांनी सहकार्य करावं." मिरजेची पोरगी कमरेवर हात ठेवून वाट बघतेय. मला तर वाटलं आता कुस्तीच रद्द होते, आणि खरं सांगू, तशी व्हावी असं मनात आलंसुद्धा.

सानिकानं वाकून माती उचलली, कपाळाला लावली. मग मागं वळून शांतपणे म्हणाली, "पप्पा, दोन चौकोन मागं."

आसपासच्या लोकांना काही कळलं नाही. आम्हा तिघांना कळलं. शाहिदनं चष्मा काढला.

पैलवानांनी आपल्या पायांकडं बघितलं. एक पाऊल मागं आले. ती बघतच होती. मग आणखी एक. पाठ दोरीला लागली, तसे वाकून दोरीखालनं बाहेर झाले. गर्दीत त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"मॅडम," ते तिथनंच ओरडले, "आता पोचत न्हाई न्हवं?"

मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "नाही पोचत!"

"बरं," ते म्हणाले. हात खाली घेतले, पंचांकडं वळले.

"लावा कुस्ती!"