नूरभाईंचा फोन

नूरभाईंबद्दल लिहायचं मी पाच वर्षं टाळलं. मध्ये दोनदा वही उघडली आणि मिटली. आता वय ऐंशीकडे झुकलंय, आणि तापीकाठच्या आमच्या गावांत लोक अजून म्हणतात, नूरभाई गाफील राहिला म्हणून बागा गेल्या. ते खोटं आहे.

नूरभाई जळगावच्या मेहरूणमधले, रजया शिवणाऱ्या घरातले. आमच्या केळी उत्पादक संस्थेत ते हवामानाच्या नोंदी ठेवायला आले, तेव्हा मी सचिव होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर अरबी समुद्राचा नकाशा लावला. वादळ जिथे असेल तिथे टाचणी, आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत रजईचा दोरा. प्रत्येक वादळाचा रंग वेगळा.

"मोबाइलवर सगळं दिसतं की," मी म्हणालो.

"दिसतं नाना, पण बोट लागलं की पुसलं जातं. दोरा राहतो."

वादळ इकडे येणार का, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "कुठे जाणार ते खुदाला माहीत. कुठे आहे ते मला विचारा."

त्या हंगामात एक वादळ विरलं की दुसरं उठत होतं. पहिल्या दोन वेळा आम्ही सभासदांना संदेश पाठवला: पाणी बंद ठेवा, झाडं पट्टीने बांधून घ्या. ओल्या जमिनीत केळीचं मूळ धरत नाही, वाऱ्यात झाड मुळासकट आडवं होतं. दोन्ही वादळं ओमानकडे वळली. आमच्याकडे वारा आलाच नाही, आणि ऐन उन्हात सगळ्या बागा तहानलेल्या राहिल्या. आमचे एक सभासद दगडूआबा कार्यालयात येऊन कडाडले, "नूरभाऊ, तुन्हं वादळ कोठे शे? बठ्ठी केयी सुकी गयी, आन वारा उनाच नही!"

"ओमानला गेलं आबा. तिकडे खजूर आहे, आता त्यांची काळजी करू."

आबासुद्धा हसले. मी नाही हसलो. सभासदांच्या रोजच्या बोलण्यांनी मी वैतागलो होतो. यापुढे माझ्या परवानगीशिवाय संदेश जाणार नाही, असं मी नूरभाईंना बजावलं.

पुढच्याच आठवड्यात मी भाचीच्या लग्नासाठी साक्रीला निघालो. निघताना ते म्हणाले, "नाना, ढगांचा एक पुंजका उठलाय. उद्या फोन करतो."

दुसऱ्या दिवशी मी पंगतीत वाढत असताना फोन वाजला. नाव पाहिलं आणि आवाज बंद केला. दुपारपर्यंत चार वेळा आला. काय सांगायचंय ते मला कळत होतं. पुन्हा शिव्या खायचं त्राण नव्हतं, म्हणून दर वेळी नाव पाहून मी फोन परत खिशात ठेवला.

पुंजक्याचं एका दिवसात वादळ झालं होतं आणि ते गुजरातकडे वळलं होतं. बातम्यांत इशारा होता, पण आमच्या लोकांना तो किनाऱ्याचा वाटला. नूरभाई सायकल काढून जवळच्या मळ्यांत फिरले. "नानांचा संदेश कुठे आहे?" असं विचारून लोकांनी पाणी चालूच ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा आला. संध्याकाळी बागांत उभं झाड शोधावं लागत होतं.

सभेत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मला कुणी कळवलं नाही."

"नाना, मी चार वेळा फोन केला," नूरभाई हळूच म्हणाले.

"मला आला नाही."

कुणीतरी मागून ओरडलं, "ओमानला लागला असंल!" हशा झाला. नूरभाईंनी नकाशावरचे दोरे सोडवून खिशात घातले. "टाचण्या संस्थेच्या आहेत," म्हणाले आणि गेले. पुढे त्यांनी घरच्याच रजया शिवल्या.

गेल्या वर्षी ते धुळ्याच्या दवाखान्यात असल्याचं कळलं. गेलो. अंग चिपाडासारखं झालेलं. मी नातवंडांची चौकशी केली, उन्हाबद्दल बोललो. मग तेच म्हणाले, "नाना, त्या दिवशी साक्रीकडे रेंज नसेल ना? डोंगराचा भाग."

शेजारी त्यांची बायको माझ्याकडे बघत होती.

"नव्हती," मी म्हणालो.

"बघ, मी सांगत होतो तुला," ते तिला म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.

आठ दिवसांनी ते गेले. नूरभाई, रेंज होती. चारही वेळा फोन आला, चारही वेळा मी तुमचं नाव वाचलं. मला माफ करा, एवढंच त्या खाटेपाशी म्हणायचं होतं.