कॅमेऱ्याची पापणी आणि अंतरपाट

लग्नं शूट करायचा माझा कॅमेरा म्हणजे नुसता जावईबापू, सगळं त्याच्याच मर्जीनं. भिंगामागं पातळ पात्यांची एक पापणी, अन् तिची उघडझाप करायला इवलीशी मोटर. उजेड जास्त दिसला की मोटर पापणी मिटवणार, कमी झाला की उघडणार. मला विचारायचं कामच नाही!

पण आपला अंतरपाट पांढराशुभ्र. मंगलाष्टकं संपेपर्यंत तोच समोर, म्हणून पापणी मिटलेली. पाट खाली गेला की मांडवाच्या सावलीतली नवरी काळीठिक्कर. मोटर कुरकुरत पापणी उघडेपर्यंत हार घालूनही झालेले. जाफराबादला एका नवरीच्या मामानं चारचौघांत सुनावलं, "आमची पोरगी दाखव ना, हा तवा काय दाखवून राह्यला?"

मंग मंठ्याला एका लग्नाचं काम आलं. नवरीचे वडील खुब्याचं हाड मोडून गावाकडं खाटेवर. मला मुद्दाम बोलावून म्हणाले, "बाकी काही नको बाबा. पाट पडल्यावर पोरीचं तोंड पाहायचंय, तेवढं बराबर घे." मी हो म्हणालो खरा, पण जाफराबादचा तवा आठवला.

मांडवात मी नवरीच्या आईला सरळ सांगून टाकलं, "मावशी, पांढरा पाट धरला तर तोंड काळं येईल. दुसरं काही गडद कापड आहे का?"

भटजी तडकले, "मशिनीसाठी अंतरपाट बदलायचा?"

माझंही डोकं फिरलं. "नका बदलू. मंग तिच्या बापाला तुम्हीच सांगा जाऊन!"

मावशींनी आमचं भांडण ऐकलंच नाही. पिशवीतून आपल्या मालकांची, म्हणजे नवरीच्या वडलांची, तपकिरी शाल काढली. "त्यांना येता येईना, म्हणून मांडवात ठेवायला दिल्ती. हीच धरा." भटजींनी गुमान शालीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

गडद शालीपुढं पापणी आधीपासूनच उघडी. शाल खाली गेली अन् समोर नवरीचं तोंड लख्ख. डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसत होतं. हुश्श!

चार दिवसांनी नवरीच्या वडलांच्या खाटेसमोर टीव्ही मांडून कॅसेट लावली. मंगलाष्टकं सुरू झाली तसे ते कोपरावर उठले. "अगं, ही तं माझी शाल!" तेवढ्यात शाल खाली गेली. पोरीचं तोंड दिसलं.

मग बायकोला म्हणाले, "म्हंजे मी तिथंच होतो की."