आवाजाचं घर शोधणाऱ्या बाई

आमच्या भाषाशास्त्राच्या बाई बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. कॅन्टीनवाला चहा संपल्याचं सांगत असला, तरी त्यांचं लक्ष त्याच्या ओठांवर. नवीन मुलांना वाटे, आपल्या दातात काहीतरी अडकलंय.

नाशिकच्या त्या कॉलेजात मी सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आले, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्याआधी घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाईंविषयी लिहिताना काही चुकेल, अशी भीती अजूनही वाटते.

त्यांच्या पिशवीत हातआरसे आणि कागदाच्या पट्ट्या असत. “पुस्तक नंतर. आधी तोंड उघडा,” असं म्हणून तास सुरू होई. ओठांसमोर पट्टी धरून आधी ‘प’ म्हणायचं, मग ‘फ’. दुसऱ्या वेळी पट्टी जोरात हले. ‘त’ म्हणताना जीभ दातांना लागते, ‘च’ला टाळूकडे जाते, ‘क’ला मागे सरकते, हे आरशात शोधायचं. “प्रत्येक आवाजाला घर असतं,” त्या म्हणत. “स्वराची वाट मोकळी, जीभ आणि ओठ त्याला नुसता आकार देतात. व्यंजनाला मात्र वाटेत कोणीतरी अडवतं.”

मी सगळं मनातच म्हणत असे. पहिल्याच आठवड्यात उत्तर देताना माझ्या तोंडून ‘माला येत नाय’ गेलं, आणि मागच्या बाकावरून एका मुलाचा आवाज आला, “परत बोल ना गं, लय भारी वाटतं.” त्यानंतर मी वर्गात बोललेच नाही. दिवाळीच्या आधी ठरवलं, कॉलेज सोडायचं. जीपवाल्याकडून निरोप धाडला आणि बाबा मला न्यायला आले.

व्हरांड्यात बाई समोर आल्या. माझी पेटी त्यांनी पाहिली, पण मला काही विचारलं नाही. बाबांना म्हणाल्या, “दादा, बैल चालेना की तोंडानं कसा आवाज करता?”

बाबा बुजले. मग जीभ टाळूला चिकटवून गालाच्या बाजूनं त्यांनी खणखणीत ‘टक्’ केलं. बाई त्यांना तशाच वर्गात घेऊन गेल्या आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “आपले सगळे वर्ण आपण हवा बाहेर सोडत उच्चारतो. इथे हवा आत ओढली जाते. आफ्रिकेतल्या काही भाषांत हे व्यंजन आहे. आरसे काढा आणि करून दाखवा.”

वर्गभर नुसतीच चुकचुक झाली. मागच्या बाकावरच्याला तर ठसका लागला. बाबा गंभीरपणे म्हणाले, “अशानं बैल जागचा हलायचा नाय, बाळा.” सगळे हसले, तो मुलगाही. मग तासभर बाबा एकेकाची जीभ बघत फिरले. ज्यांना सही करता येत नव्हती, त्या माझ्या बाबांना वर्ग ‘सर’ म्हणत होता.

बाहेर आल्यावर बाबांनी पेटी माझ्या हातात दिली. “तू राहा. ह्या बाईला ऐकाया येतं. मी जातो, जीप सुटंल.”

मी राहिले. बी.ए. झाले, एम.ए. झाले. पुढे काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोप समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला त्यांनी माझंच नाव सुचवलं. मला पाच मिनिटं दिली होती. मी आमच्या पाड्याच्या बोलीत पंधरा मिनिटं बोलले.