न दिलेली ओ

भर दुपारी सागाची वाळकी पानं गळतात, तेव्हा रानात कुणी चालत असल्यासारखा आवाज येतो. एक पान पडतं, थांबतं, मग दुसरं. डोंगर सोडून शेंद्र्याच्या कारखान्यांच्या वस्तीत मुलाकडं येऊन मला चार वर्षं झाली, तरी तो आवाज कानातून जात नाही.

आमच्या कन्नड तालुक्याच्या डोंगरात हिवाळा सरता सरता लांब पल्ल्याच्या शर्यती व्हायच्या. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लावलेली केशरी-पांढरी निशाणं शोधायची, प्रत्येक निशाणापाशी कार्डावर शिक्का घ्यायचा. वाट मात्र ज्याची त्यानं निवडायची. सरपण आणून आणून मला डोंगर पाठ झालेला, म्हणून शर्यतीवाल्यांनी मला तिसऱ्या निशाणापाशी शिक्का मारायला बसवलं. ताकीद एकच होती, कुणाला वाट सांगायची नाही. मला ते सोपं गेलं. मी तशीही परक्याशी बोलत नाही.

माझ्यापर्यंत यायला दोन वाटा होत्या. एक डोंगराच्या कडेकडेनं, लांबची, उन्हाची. दुसरी घळीतून, निम्म्यानं जवळची. नकाशावर घळ म्हणजे नुसत्या दाट तपकिरी रेघा. करवंदीच्या जाळ्या आणि पायाखालून सरकणारे दगड त्या रेघांत कुठून दिसणार? समोरच्या उतारावर कुणी नकाशा बराच वेळ बघत उभं राहिलं, की ते हमखास कडेनं यायचं. घाईचं माणूस घळीत उतरायचं आणि झाडीत दिसेनासं व्हायचं. वरून बघताना मला सगळ्यांचं चुकणं आधीच कळायचं. कळून गप्प बसणं हेच माझं काम होतं.

शेवटच्या वर्षी लाल टोपीतली एक कॉलेजची मुलगी घळीत उतरली. तिच्या मागून निघालेले कडेनं आले, शिक्का घेऊन पुढं गेले. ती येईना. सूर्य डोक्यावर आला आणि घळीतून हाक आली, "मावशी!" एकदाच.

माझ्या सासूबाई सांगायच्या, "रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. माणूस असंल तर परत हाक मारंल. चकवा एकदाच बोलावतो." वाट भुलवून माणसाला त्याच त्या जागी फिरवत ठेवणारा तो चकवा. मी दुसऱ्या हाकेची वाट बघितली. ती आली नाही. पदर तोंडात धरून मी तशीच बसून राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. मुलगी हात टेकत टेकत वर आली. कोपरं सोललेली, टोपी गेलेली. कार्ड पुढं करून म्हणाली, "मावशी, तुम्ही ओ देत राहिल्या म्हणून आवाजाच्या रोखानं चढले. नाय तर तिथंच फिरत राहिले असते."

मी शिक्का मारला. मी ओ दिलीच नव्हती. ती गेल्यावर घळीकडं बघितलं. एकही पान हलत नव्हतं.

चकवा वाट भुलवतो म्हणतात. मग त्या दुपारी वाट दाखवणारं कोण होतं? आणि वाट ठाऊक असून गप्प बसलेली मी, मला काय म्हणायचं?

आता मी पहिल्याच हाकेला ओ देते. दुपारी मुलगा आणि सून कारखान्यात असतात, खोलीत मी एकटी. जिन्यातून हाक आली की दार उघडायच्या आधी माझी ओ जाते. दोनदा जिन्यात कुणीच नव्हतं. तरी मी कठड्याशी उभी राहून ओ देत राहिले, वर चढणाऱ्याला पुरेल इतका वेळ.