आईच्या खोलीतलं कासव

मागच्या बुधवारी सकाळी कचरा टाकायला खाली गेले आणि वर येताना हातात कासवाचं पिल्लू होतं...

आमच्या हर्सूलच्या कॉलनीत घंटागाडी थांबते त्या कोपऱ्यावर लोक नको असलेलं काहीबाही ठेवून जातात. एका तुटक्या खुर्चीशेजारी प्लास्टिकचा टब होता, टबात पाणी आणि पाण्यात हे. लिंबाएवढं. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. घर बदलताना कुणीतरी मागं ठेवून गेलं असावं.

आई जाऊन फार दिवस झाले नाहीत. शेवटची काही वर्षं ती अंथरुणालाच होती, तिच्यासाठी मी नोकरी सोडली. भाऊ पुण्याला असतो, फोन करतो. तसं सगळं बरंय... पण सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द झाले की त्यानंतर दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. आणि भात अजूनही आईला लागायचा तसा गुरगुट्याच शिजतो.

टब आईच्या खोलीत खिडकीखाली ठेवला. पाणी बदललं. भाताची शितं टाकली, पोळीचा कुस्करा टाकला, पण ते ढुंकूनही बघेना. डोळे सुजून मिटलेले. मान कशीबशी वर काढून टबाच्या कडेला टेकायचं, इतकंच.

मला ते बघवेना. खाणं सोडलेलं माणूस मी पाहिलंय. चमचा ओठांशी नेला की आई तोंड फिरवायची... तेव्हा आपला सगळा जीव त्या चमच्यात गोळा झालेला असतो.

शेवटी समोरच्या शबानाभाभींचं दार वाजवलं. इतकी वर्षं समोरासमोर राहतो, पण ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यापलीकडं आमचं जाणं-येणं नव्हतं. भाभी आल्या, टबात वाकून बघितलं.

"या अल्ला, कित्ता छोटा है! ताई, ये ऐसे नै बचता. चलो, डॉक्टर को दिखाते."

माझी पर्स मी घेईपर्यंत त्यांनी चपला घातल्याही होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लू उचलून बघितलं आणि विचारलं, "याला पाण्यात कुणी ठेवलं?"

"सापडलं तेव्हा पाण्यातच होतं... मग मीही ठेवलं."

"ताई, हे जमिनीवरचं कासव आहे. याला पोहता येत नाही. आणखी काही दिवस असं ठेवलं असतं तर गेलं असतं." मग डोळ्यांत घालायचे थेंब दिले. कोवळं ऊन, कोरडी जागा, प्यायला बशीत जरासं पाणी. पोळी-भात बिलकूल नाही. मेथी चालेल, जास्वंदीची पानं-फुलं चालतील.

आणि निघताना म्हणाले, हे स्टार कासव आहे, घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे. वनविभागाला द्यावं लागेल. त्यांनीच फोन लावून दिला. पलीकडून उत्तर आलं, औषध चालू ठेवा, सोमवारी घेऊन या.

जास्वंद भाभींच्या गॅलरीत होती. रोज सकाळी त्या एक फूल आणि चार पानं घेऊन यायच्या. मी पानं कातरीनं बारीक कापायची.

शुक्रवारी त्यानं डोळे उघडले. पुढं सरकलं, पाकळीवर एक पाय रोवला आणि इवलंसं गुलाबी तोंड उघडून लचका तोडला. "खा रहा है! ताई, खा रहा है!" भाभी ओरडल्या. आम्ही दोघी फरशीवर बसून बघत राहिलो...

त्या दिवशी भाभी उठल्याच नाहीत. एक मुलगी हैदराबादला, एक जेद्दाला, नवरा दिवसभर दुकानात. म्हणाल्या, "दोपहर में टीवी चालू रखती मैं. देखती नै... बस आवाज के वास्ते." मी चहा ठेवला.

खरं सांगू? शनिवारी मनात आलं, कशाला द्यायचं? कुणाला कळणार आहे? घरात मला वाट बघायला लावणारं काहीतरी होतं...

रविवारी संध्याकाळी ते भिंतीला घासत चालायला लागलं. कोपरा आला की थांबायचं, वळायचं, पुन्हा भिंत. खोलीभर. दाराशी आलं की मान लांब करायचं. किती वेळ मी कॉटवर बसून बघत होते. मग उठून रिकामं खोकं शोधलं, त्याला हवेसाठी भोकं पाडली.

सोमवारी भाभी सोबत आल्या. रिक्षात खोकं त्यांच्या मांडीवर होतं. ऑफिसात खाकी कपड्यांतल्या एक वनरक्षक मॅडम होत्या. त्यांनी डोळे बघितले, पाय बघितले, काय खायला घालत होता विचारलं. मी सांगितलं. म्हणाल्या, आधी उपचार केंद्रात ठेवू, मग याच्यासारख्यांच्यात. आणि खोकं उचलता उचलता सहज म्हणाल्या, "चांगलं सांभाळलंत ताई तुम्ही."

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तिथंच, टेबलासमोर, रडू फुटलं. आई गेली तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते. त्या मॅडमना वाटलं कासवासाठी रडतेय. भाभींना बहुतेक कळलं असावं, त्यांचा हात माझ्या पाठीवरून हलला नाही.

आई गेल्यावर भेटायला आलेले सगळे म्हणाले, "सुटली बिचारी." काहीजण म्हणाले, "तूही मोकळी झालीस आता."

तुमच्या ओळखीत कुणी असं आजाऱ्याचं करून रिकाम्या हातांनी बसलं असेल, तर त्याला मोकळा झालास असं म्हणू नका. चांगलं सांभाळलंस, एवढंच म्हणा... मला ते सोमवारी पहिल्यांदा ऐकायला मिळालं.